तोफगोळ्याच्या आधी उत्तर

१९४२ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्रात अमेरिकी सैन्याची एक जाहिरात आली. गणित घेऊन पदवी मिळवलेल्या मुली पाहिजेत, असं त्यात होतं. 'मुली' हे मुद्दाम लिहिलेलं. पुरुष आघाडीवर निघाले होते आणि सैन्याला आकडेमोड करणारी माणसं कमी पडत होती. कॅथलीन मॅकनल्टी तेव्हा २१ वर्षांची होती आणि चेस्टनट हिल कॉलेजातून नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडली होती. ९२ मुलींच्या त्या तुकडीत गणित घेणाऱ्या तिघीच होत्या. जाहिरात वाचताच तिनं त्यांतल्या फ्रान्सिस बायलसला कळवलं. दोघी मुलाखतीला गेल्या आणि दोघींनाही नोकरी लागली. पगार वर्षाला १,६२० डॉलर, हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर', श्रेणी एस.पी.-४.

एस.पी. म्हणजे सब-प्रोफेशनल. सरकारी भाषेत हे काम व्यावसायिक बुद्धिमत्तेच्या एक पायरी खालचं होतं. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या दोन अक्षरांतून निघतं, म्हणून ती आधी सांगितली.

कॅथलीनचा जन्म आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातल्या क्रीस्लो गावचा. ती जन्मली त्याच रात्री ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या तिच्या वडिलांना अटक झाली आणि ते दोन वर्षं तुरुंगात होते. १९२४ मध्ये कुटुंब अमेरिकेला आलं, तेव्हा या मुलीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, घरात फक्त आयरिश बोलत. अशी मुलगी अठरा वर्षांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये बसून तोफगोळ्यांचे मार्ग काढू लागली.

तोफ डागणाऱ्या सैनिकाच्या हातात एक छापील तक्ता असायचा. अमुक अंतरावरचं लक्ष्य टिपायचं तर नळी किती अंशांत उचलायची, वारा कुठून असेल तर किती सरकवायची, हवा विरळ असेल, दारू थंड असेल तर काय बदल करायचा, हे त्यात बघायचं. नवी तोफ किंवा नवा गोळा आला की नवा तक्ता लागायचा आणि एका तक्त्यासाठी दोन ते चार हजार मार्गांचं गणित करावं लागायचं. गोळ्याचा मार्ग एका सूत्रात बसत नाही, कारण हवेचा विरोध वेगाप्रमाणे बदलत राहतो. म्हणून सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांत गोळा कुठे पोचला, वेग किती उरला, विरोध किती झाला हे पुन्हा पुन्हा काढत जायचं. मेजावर विजेवर चालणारं गणकयंत्र, समोर रकान्यांचा मोठा कागद, हातात पेन्सिल. एका मार्गाला ३० ते ४० तास लागत, असं कॅथलीननं पुढे सांगितलं. मूर स्कूलमध्ये हे काम करणाऱ्या बायकांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. युद्धकाळात गणिताच्या एका सरकारी मंडळातल्या गृहस्थांनी अशा श्रमाला 'किलोगर्ल' असं एकक सुचवलं होतं. गंमत म्हणूनच म्हटलं असणार, पण घोड्यांच्या शक्तीला अश्वशक्ती म्हणतात त्याच सुरातलं आहे ते.

त्याच इमारतीच्या तळघरात डिफरन्शियल ॲनलायझर नावाचं एक भलंमोठं यांत्रिक यंत्र होतं. चाकं, दांडे आणि दंतचक्रं फिरवून ते एक मार्ग साधारण तासाभराच्या आत काढून द्यायचं. कॅथलीन आणि फ्रान्सिस यांना काही महिन्यांतच तिथे नेमलं. दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. तरी तक्ते मागे पडतच राहिले. तोफा कारखान्यातून निघत होत्या आणि त्यांचा तक्ता मात्र अजून कुठल्या तरी टेबलावर अर्धवट असे.

मूर स्कूलमधले जॉन मॉक्ली यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये एक टिपण लिहिलं होतं. फिरत्या चाकांऐवजी निर्वात नळ्या वापरल्या तर हीच आकडेमोड कितीतरी पटींनी वेगानं होईल, असं त्यात म्हटलं होतं. टिपण पडून राहिलं. पुढे सैन्याचे संपर्क अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन यांच्या कानावर ते गेलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि जून १९४३ मध्ये करार झाला. मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट २४ वर्षांचा होता. यंत्राचं नाव एनिॲक. कामाला गुप्त नाव प्रोजेक्ट पीएक्स.

तळघरात ॲनलायझर चालवणाऱ्या मुलींना वर काय शिजतंय ते माहीत नव्हतं. १९४४ मध्ये एकदा कॅथलीन आणि तिच्या मैत्रिणीला एकर्ट-मॉक्लींनी बोलावून यंत्राचे तयार झालेले पहिले दोन भाग दाखवले. एका भागात ५ हा आकडा घातला, दुसऱ्यात लगेच ५,००० उमटले. पाचाला हजारानं गुणायला एवढा पसारा कशाला, असं मुलींच्या मनात आलं. मग कळलं की तो ५ एका भागातून दुसऱ्यात हजार वेळा गेला होता, आणि ते हजार खेपांचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं होतं.

१९४५ च्या उन्हाळ्यात यंत्र पुरं होत आलं तेव्हा ते चालवायला माणसं हवी होती. यंत्र कसं बांधायचं याचा विचार दोन वर्षं झाला होता, त्याच्याकडून काम कसं करवून घ्यायचं याचा मात्र फारसा कुणी केला नव्हता. ते दुय्यम वाटत होतं आणि दुय्यम कामासाठी दुय्यम श्रेणीतली माणसं तयारच होती. कॉम्प्युटर म्हणून काम करणाऱ्यांतून सहा जणी निवडल्या गेल्या.

कॅथलीन आणि फ्रान्सिस त्यात होत्याच. मार्लिन वेस्कॉफ टेंपल विद्यापीठाची पदवीधर, रूथ लिक्टरमन न्यू यॉर्कच्या हंटर कॉलेजची. बेट्टी स्नायडर सर्वांत मोठी, २८ वर्षांची. विद्यापीठातल्या पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी तिला सांगितलं होतं की घरी बसून मुलं सांभाळलीस तर बरं. तिनं गणित सोडून पत्रकारिता घेतली आणि युद्धामुळे ती पुन्हा गणिताकडे आली. सहावी बेट्टी जीन जेनिंग्ज. दोन बेट्टींचा गोंधळ नको म्हणून तिला इथे जीन म्हणू. मिसुरी राज्यातल्या शेतकऱ्याच्या सात मुलांतली ती सहावी. गावाकडच्या शिक्षक महाविद्यालयातून गणित घेऊन बाहेर पडली. मास्तरीण व्हावं असं सगळ्यांचं मत होतं, पण तिला मिसुरीतून बाहेर पडायचं होतं. सैन्याचं बोलावणं येताच मध्यरात्रीची गाडी धरून ती फिलाडेल्फियाला आली.

जीनचं नाव निवड यादीत पर्यायी म्हणून होतं. आधीच्यांनी नकार दिल्यामुळे तिला जागा मिळाली. मुलाखतीत गोल्डस्टाइन यांनी विचारलं, विजेबद्दल तुझं काय मत आहे? तिनं सांगितलं की भौतिकशास्त्र शिकलेय, ओहमचा नियम माहीत आहे. गोल्डस्टाइन म्हणाले, ते नव्हे, तुला विजेची भीती वाटते का? हा किस्सा ती म्हातारपणापर्यंत हसून सांगायची. मला त्यात हसण्यासारखं थोडं आणि शिकण्यासारखं जास्त दिसतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या लेखी हे काम तारा ओढण्याचं होतं. गणिताबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

आधी सहाही जणींना मेरीलँडमधल्या ॲबर्डीनच्या लष्करी तळावर पाठवलं. तिथे आयबीएमची पंचकार्डांची यंत्रं शिकायची होती, कारण एनिॲकमध्ये आकडे कार्डांवरून आत जाणार आणि उत्तरं कार्डांवरच बाहेर येणार होती. परत आल्यावर त्यांच्या हातात मोठमोठ्या आकृत्या दिल्या गेल्या. हे यंत्राचं आरेखन, यावरून ते कसं चालतं ते शोधून काढा, आणि मग गोळ्याचा मार्ग त्याच्यावर कसा बसवायचा ते ठरवा. यंत्र बघायचं नाही. ते गोपनीय होतं आणि यांना त्या खोलीत जायची परवानगी अजून मिळालेली नव्हती. पुस्तिका नव्हती. शिक्षक नव्हता. ज्याला आज आपण प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणतो तसलं काही तर जगातच नव्हतं.

एके दिवशी त्या वर्गखोलीत बसून ॲक्युम्युलेटर नावाच्या भागावर डोकं फोडत होत्या, तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ आत आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, इमारत पडत तर नाही ना ते बघायला आलोय. वर बांधकाम चालू होतं. ते जॉन मॉक्ली होते. मुलींनी त्यांना बसवूनच घेतलं. ॲक्युम्युलेटर कसा चालतो ते त्यांनी इतकं छान समजावलं की पुढे अडलं की त्या सरळ त्यांच्या खोलीत जाऊ लागल्या. बाकी आकृत्यांचं त्यांनी आपसांत वाटप केलं. एकीनं एक भाग शिकायचा आणि दुसऱ्यांना शिकवायचा, मग त्यांनी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायचं.

ते यंत्र होतं तरी कसं? ५० फूट लांब, ३० फूट रुंद खोलीत नालाच्या आकारात उभी केलेली ४० कपाटं. सुमारे १८,००० निर्वात नळ्या, वजन ३० टन. दहा आकडी संख्या धरणारे २० ॲक्युम्युलेटर. सेकंदाला ५,००० बेरजा. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं आणि आजही शाळेच्या पुस्तकांत येतं. पण या यंत्राला सूचना 'देता' येत नव्हत्या. त्याच्या पोटात कार्यक्रम साठवायची सोयच नव्हती. कार्यक्रम म्हणजे यंत्राची मांडणी. या कपाटातून त्या कपाटात जाड तारा खोचायच्या, खटके फिरवायचे, आणि हे पुरं झालं म्हणजे यंत्र त्या एका प्रश्नापुरतं बांधून झालं. दुसरा प्रश्न आला की सगळं उपसून पुन्हा नव्यानं. हवेच्या विरोधाचे आकडे साठवायला चाकांवरचे तीन मोठे फलक होते, प्रत्येकावर १,२०० खटके, प्रत्येक खटक्याच्या दहा जागा.

त्यात आणखी एक पेच होता. कागदावर बाई एक बेरीज संपली की दुसरी करते. एनिॲकमध्ये अनेक भाग एकाच वेळी चालू शकत. एक बेरीज सेकंदाच्या पाच-हजाराव्या भागात व्हायची. गुणाकाराला त्याहून बराच जास्त वेळ, भागाकाराला आणखी जास्त. गुणाकाराचं उत्तर यायच्या आत पुढच्या भागानं हात पसरला तर त्याच्या हाती चुकीचा आकडा पडणार. म्हणून मुलींनी मोठमोठे तक्ते आखले. आडवे यंत्राचे भाग, उभा काळ, आणि प्रत्येक चौकोनात त्या क्षणी त्या भागानं काय करायचं. गोळ्याच्या समीकरणाचे तुकडे पाडणं, ते भागांत वाटणं, वेळ जुळवणं, तीच कृती पुन्हा लागली तर तेच खटके परत कसे वापरायचे ते योजणं, हे सगळं त्या कागदावर. एका जागी तेच ते गणित पुन्हा करायला यंत्राच्या 'मास्टर प्रोग्रॅमर' या भागाचा वापर करावा ही कल्पना कॅथलीनची, असं जीन सांगायची. चूक शोधायची तर मध्येच एक तार उपसून यंत्र थांबवायचं आणि दिव्यांवर आकडे वाचायचे. आजचे प्रोग्रॅमर चूक शोधताना ज्याला ब्रेकपॉइंट म्हणतात ते त्या काळी खरोखर तार तोडणं होतं.

यंत्र बिघडायचंही. नळ्या जळत. उत्तर चुकलं तर चूक गणिताची की तारेची की नळीची, हे आधी ठरवायला हवं. आकृत्यांवरून यंत्र शिकल्याचा फायदा इथे झाला. अठरा हजारांतली नेमकी कुठली नळी गेली ते या मुली सांगू लागल्या. अभियंत्यांना त्यांचं म्हणणं पटू लागलं ते यामुळे.

१९४५ च्या डिसेंबरात एनिॲकवर पहिला खरा प्रश्न चढला, तोही तोफांचा नव्हे. युद्ध संपलं होतं. लॉस अलामॉसहून निक मेट्रोपोलिस आणि स्टॅन्ली फ्रँकल हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ हायड्रोजन बाँबचं गणित घेऊन आले. त्याच सुमारास मुलींना यंत्राच्या खोलीत प्रवेश मिळाला. तारा खोचायला, खटके लावायला, कार्डं भरायला त्या मदतीला होत्या. गणित कशाचं आहे ते मात्र त्यांना सांगितलेलं नव्हतं. काम लाखो कार्डांचं होतं.

मग १९४६ चा फेब्रुवारी. गुप्ततेचा पडदा उठणार होता. १ तारखेला पत्रकारांसमोर एक प्रात्यक्षिक झालं आणि १५ तारखेला शास्त्रज्ञ, सेनाधिकारी आणि पाहुण्यांसमोर मोठा समारंभ ठरला. हर्मन गोल्डस्टाइन आणि त्यांच्या पत्नी ॲडेल यांनी जीन आणि बेट्टीला घरी बोलावून विचारलं, गोळ्याच्या मार्गाचा कार्यक्रम समारंभापर्यंत चढवता येईल का? ॲडेल स्वतः गणितज्ञ. मूर स्कूलमधल्या कॉम्प्युटर मुलींना शिकवण्याचं आणि एनिॲकची तांत्रिक पुस्तिका लिहिण्याचं काम तिचं. दोघींनी हो म्हटलं. पुढचे दोन आठवडे त्या यंत्रापाशी होत्या. मार्लिन आणि रूथ यांनी तोच मार्ग हातानं, यंत्राच्या पायरीला पायरी लावून सोडवला, म्हणजे कुठे घसरलं तर कळेल.

१४ तारखेच्या संध्याकाळी एक चूक उरली. मार्ग अगदी बरोबर निघत होता, पण गोळा जमिनीवर पडल्यावर गणित थांबेना. गोळा जमिनीत घुसून पाताळाकडे चालला. रात्री मूर स्कूलचे डीन हॅरल्ड पेंडर डोकावले, काम चालू द्या म्हणाले आणि कागदी पिशवीत दारूची एक बाटली ठेवून गेले. जीन आणि बेट्टी दोघीही फारशा पिणाऱ्या नव्हत्या. बाटली तशीच राहिली. बेट्टीनं शेवटची गाडी पकडून घर गाठलं. सकाळी ती लवकरच्या गाडीनं आली, सरळ एका कपाटाशी गेली आणि हजारो खटक्यांतला एक खटका एका जागेनं फिरवला. गोळा जमिनीवर थांबला. झोपेत बेट्टीला जे सुचतं ते बाकीच्यांना जागेपणी सुचत नाही, अशा अर्थाचं जीन पुढे म्हणायची.

समारंभ बघणाऱ्यांना आवडला. दिवे मंद केले होते. यंत्रावरच्या छोट्या निऑन दिव्यांवर टेबल टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू बसवलेले, त्यामुळे आकडे धावताना दिसत. (सिनेमातल्या संगणकांना लुकलुकणारे दिवे मिळाले ते इथून.) तोफेतून सुटलेल्या गोळ्याला जमिनीवर यायला ३० सेकंद लागत होते. एनिॲकनं त्याचा सगळा मार्ग २० सेकंदांत काढला. गोळा अजून हवेत असताना तो कुठे पडेल ते छापून झालं होतं. छापील कागद पाहुण्यांना आठवण म्हणून वाटले.

संध्याकाळी विद्यापीठाच्या ह्यूस्टन हॉलमध्ये मेजवानी होती. कार्यक्रम लिहिणाऱ्या मुलींना बोलावणं नव्हतं. त्या थंडीत आपापल्या घरी गेल्या.

त्या दिवसांतल्या बातम्या वाचल्या तर हे यंत्र आपलं आपणच सगळं करतं असं वाटावं. जे गणित माणसांना कित्येक दिवस पुरतं ते यंत्र काही सेकंदांत सोडवतं. खरंय. पण त्या काही सेकंदांच्या आधी कागदावर गेलेले आठवडे आणि तारा खोचण्यात गेलेले दिवस बातमीत नव्हते. यंत्र थोर ठरायचं तर त्याच्याभोवतीची माणसं दिसून चालत नाही. 'महामेंदू' असं नाव पडलं की त्या मेंदूला कुणीतरी विचार शिकवला हे सांगणं अडचणीचं होतं. छायाचित्रं काढली गेली होती, त्यात मुली होत्याही, नावं नव्हती. एका छायाचित्रात समोर एक सैनिक खटके लावतोय आणि मागे बायका काम करतायत. सैन्यानं भरतीच्या जाहिरातीसाठी ते चित्र वापरताना कडा छाटल्या. एकटा सैनिक उरला.

हे नंतरच्या काळानं विसरून टाकलं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. विसरायला आधी आठवणीत नोंद व्हावी लागते. इथे नोंदच निराळ्या वहीत झाली होती. यंत्र बांधणारे प्रोफेशनल, ते चालवणाऱ्या सब-प्रोफेशनल; हे वर्गीकरण काम काय आहे ते कळायच्या आधीचं होतं आणि काम कळल्यावर ते बदललं नाही. पत्रकारांना मेजवानीच्या यादीवरून कोण महत्त्वाचं ते कळलं. यादी हुद्द्यांवरून झाली होती. कुणीही बसून कट रचला नाही. कट करावाच लागला नाही.

पुढे एनिॲक ॲबर्डीनला हलवलं. १९४७ मध्ये तिथे ते पुन्हा सुरू झालं आणि त्याला प्रश्न चढवता येणारी माणसं म्हणजे या मुलीच होत्या. रूथ तिथे राहून पुढच्या लोकांना शिकवत होती. मार्लिननं लग्न ठरल्यावर नोकरी सोडली. फ्रान्सिसनं एनिॲकच्या देखभालीवर असलेल्या अभियंत्याशी लग्न केलं आणि पुढे संसार पत्करला. कॅथलीननं १९४८ मध्ये विधुर झालेल्या मॉक्लींशी लग्न केलं. जीन फिलाडेल्फियातच राहिली. तारा उपसायची कटकट मिटवून एनिॲकला साठवलेल्या सूचनांवर चालवण्याची योजना झाली, तेव्हा त्या सूचनासंचावर काम करणारा गट तिच्या हाताखाली होता. मग ती एकर्ट-मॉक्लींच्या नव्या कंपनीत गेली.

बेट्टीही त्याच कंपनीत होती आणि तिची कामगिरी सहा जणींत सर्वांत लांब पल्ल्याची. युनिव्हॅक या व्यापारी संगणकासाठी तिनं सी-१० हा सूचनासंच रचला. यंत्राला आकड्यांऐवजी अक्षरांत सांगायचं. बेरजेसाठी 'ए', म्हणजे माणसाच्या लक्षात राहील. मग तिनं असा एक कार्यक्रम लिहिला की त्याला माहितीचं स्वरूप सांगितलं की ती क्रमानं लावणारा कार्यक्रम तो स्वतःच तयार करून देई. संगणकानं संगणकासाठी लिहिलेला कार्यक्रम! ग्रेस हॉपर यांचं नाव आज सर्वतोमुखी आहे. त्याच हॉपर सांगत की या कल्पनेनं त्यांना आपल्या कामाची दिशा दाखवली. पुढे कोबोल आणि फोरट्रान या भाषांच्या प्रमाणीकरणातही बेट्टी होती. संगणक काळा असू नये, फिकट करडा-तपकिरी असावा, हेही तिचंच म्हणणं. पुढची कित्येक दशकं कार्यालयांत त्या रंगाच्या पेट्या आपण पाहिल्या.

जीनला मात्र १९५१ मध्ये बाहेर पडावं लागलं. कंपनी रेमिंग्टन रँडनं विकत घेतली होती, नवरा तिथेच नोकरीला होता आणि नवरा-बायकोनं एकाच ठिकाणी काम करायचं नाही असा नियम होता. कुणी सोडायची याची चर्चा झाली नाही. मुलं वाढवून ती पुन्हा या धंद्यात आली, संगणकविषयक प्रकाशनांची संपादक झाली. १९८५ मध्ये नोकरी गेली तेव्हा ती साठीची होती. नवी मिळेना. मग तिनं घरं विकायचा परवाना काढला आणि पुढची बरीच वर्षं तेच केलं.

दरम्यान धंदा बदलत होता. १९६७ मध्ये 'कॉस्मोपॉलिटन' मासिकानं मुलींना सांगितलं की प्रोग्रॅमिंग तुमच्यासाठीच आहे. त्या लेखात हॉपर यांनी त्याची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली होती. पण त्याच दशकात कंपन्यांना कळू लागलं होतं की यंत्रापेक्षा त्यावरचं हे 'दुय्यम' काम महाग आणि अवघड आहे. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला परिषद भरली आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव रूढ झालं. काम इंजिनिअरिंग झालं, पगार वाढले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांत मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत चढलं आणि तिथून घसरत गेलं.

त्याच वर्षांत हार्वर्डमध्ये कॅथी क्लाइमन नावाची विद्यार्थिनी संगणकाच्या इतिहासावर लिहीत होती. एनिॲकच्या जुन्या छायाचित्रांत तिला बायका दिसल्या. पुरुषांची नावं खाली होती, बायकांची नव्हती. संगणक संग्रहालयाच्या एका संस्थापिकेला तिनं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की त्या 'रेफ्रिजरेटर लेडीज' आहेत. शीतकपाटाच्या जाहिरातीत दार उघडून उभी राहते तशी मॉडेल. क्लाइमनला ते पटलं नाही, कारण चित्रातल्या बायका कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या तारेकडे बघत होत्या. १९८६ मध्ये एनिॲकच्या चाळिशीच्या समारंभाला ती गेली, तिथे त्यांतल्या काही जणी तिला प्रत्यक्ष भेटल्या आणि पुढची अनेक वर्षं तिनं त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. रूथ त्याच वर्षी वारली. १९९७ मध्ये तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं सहा जणींना सन्मानित केलं.

अलीकडे इतिहासकारांचा एक आक्षेप आला आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. या सहा जणींना 'जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमर' म्हणणं म्हणजे आजचा हुद्दा मागे नेऊन चिकटवणं. त्यांच्या कामाचा मोठा भाग यंत्र चालवण्याचा होता आणि तो झाकून त्यांना फक्त लेखिका ठरवणं म्हणजे हाताच्या कामाला पुन्हा हलकं लेखणं. एनिॲकवर कार्यक्रम लिहिणारे आणखीही लोक होते. ॲडेल गोल्डस्टाइन होती, पुढे क्लारा फॉन नॉयमन होती. यातलं शेवटचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र वाटतं की एनिॲकपुरती लिहिणं आणि चालवणं ही दोन कामं नव्हतीच. बेट्टीचा तो खटका लेखन होता की चालवणं? तारा कुठे जाणार ते ज्याला माहीत नाही त्याला त्या खोचता येत नव्हत्या.

समारंभाच्या कार्यक्रमाचं श्रेय कुणाचं, हा वाद तर मिटलेलाच नाही. हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९७२ मध्ये संगणकाचा इतिहास लिहिला. त्यात प्रात्यक्षिकाची तयारी आपण आणि ॲडेलनं केली आणि सोप्या भागांत मुलींची थोडी मदत झाली, असं लिहिलं आहे. ॲडेल १९६४ मध्येच कर्करोगानं गेली होती, तिला विचारायची सोय नव्हती. जीननं हे वाचलं तेव्हा ती भडकली आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिली की तो कार्यक्रम तिचा आणि बेट्टीचा. २००८ मध्ये संगणक इतिहास संग्रहालयानं तिला मानद फेलो केलं, त्या वर्षीच्या तिघांत लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स होते. ८३ वर्षांची जीन तेव्हाही गोल्डस्टाइन यांना सोडायला तयार नव्हती. तिच्या आत्मचरित्रात ती त्यांच्यावर तुटून पडली आहे. ते पुस्तक २०१३ मध्ये आलं. जीन २०११ मध्ये गेली होती आणि गोल्डस्टाइन २००४ मध्ये.